मुदत ठेवी मोडण्याच्या संदेशाबाबत खुलासा

इंदूरमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत आहे. सर्व काही विकून टाकावे ही येशूची प्रत्येक अनुयायाला आज्ञा असून बँकेत मुदत ठेव ठेवणे किंवा विमा काढणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे होय, असा त्याचा आशय आहे. काही निवृत्त मंडळींनी ठेव मोडावी काय, अशी विचारणा केल्यामुळे हा खुलासा करणे भाग पडले.

बायबलमधील मार्क १०:२१ चे, असेल नसेल ते विकून गरिबांना दे, हे वचन एका विशिष्ट श्रीमंत माणसाला उद्देशून आहे. तो लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला, पण मालमत्तेपाशी अडलेला होता. जकातदारांचा मुख्य जक्कय याने निम्मी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले, तेव्हा उरलेलेही देऊन टाक असे येशू म्हणाला नाही. उलट त्या घराला तारण प्राप्त झाल्याचे त्याने सांगितले (लूक १९:८-९). जमीन विकून आलेल्या पैशातील काही भाग मागे ठेवून सर्वच दिल्याचे भासवणाऱ्या हनन्याची गोष्ट तर संदेशाच्या थेट विरुद्ध जाते. जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच स्वाधीन होता, असे प्रेषित पेत्र त्याला बजावतो (प्रेषितांची कृत्ये ५:४). दोष खोटेपणाचा होता.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१७-१८) धनवानांनी बेभरवशाच्या धनावर नव्हे, तर देवावर आशा ठेवावी आणि दानधर्मात उदार असावे, असे सांगितले आहे. आमच्या मते हे पाळणे ठेव मोडण्याहून कठीण आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका सहसा व्याज कमी देतात, याचा संदेशात उल्लेखही नाही.