टेंगूळ आलं, म्हणजे सुटलो?

घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: लहान मूल डोक्यावर पडलं तर टेंगूळ येणं चांगलं, रक्त बाहेर येतं, ते लगेच चोळून किंवा नाणं दाबून बसवा, मुलाला 24 तास झोपू देऊ नका, आणि उलटी झाली तरच दवाखाना गाठा, तोही थेट स्कॅनसाठी. चारही सल्ले चुकीचे आहेत, पण सगळ्यांचा धोका सारखा नाही. चोळल्यानं बहुतेक वेळा सूजच वाढेल. पहिल्या आणि शेवटच्या सल्ल्यानं मात्र दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

टेंगुळाचं आधी. ते कातडी आणि कवटीच्या मध्ये येतं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात, म्हणून जरासा मार बसला तरी लिंबाएवढं वर येतं. कवटीच्या आत रक्तस्राव झालाच तर त्याला इथून बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे टेंगूळ आलं म्हणून सुटलो नाही आणि आलं नाही म्हणूनही सुटलो नाही. बघायचं ते कुठे आलंय हे. कपाळावरचं बहुतेक वेळा साधं असतं. मूल 2 वर्षांच्या आतलं असेल आणि टेंगूळ कानाच्या वर, बाजूला किंवा मागे असेल, त्यातही हाताला मऊ लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. खाली हाडाला तडा असू शकतो. केसांत ते पटकन दिसत नाही, म्हणून सगळ्या डोक्यावरून हलका हात फिरवा.

उंचीही धरा. 2 वर्षांच्या आतल्या मुलाला 3 फुटांपेक्षा उंचावरून पडणं हा मोठा मार मानतात. स्वयंपाकाचा ओटा जवळपास तेवढा भरतो. उभ्या माणसाच्या कडेवरून किंवा जिन्यावरून पडलं तर त्याहून जास्त. 3 महिन्यांच्या आतलं बाळ कसंही पडलं तरी दाखवायचंच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाबाबत निदान डॉक्टरांना फोन तरी करायचाच.

झोपेचा सल्ला सगळ्यात जास्त पाळला जातो, आणि घरातल्यांचे त्यानेच हाल होतात. झोपेनं मेंदूला इजा होत नाही. भीती एवढीच, की गुंगीला झोप समजून सगळे निर्धास्त होतील. ही भीती खरी आहे: क्वचित कानशिलाजवळची रक्तवाहिनी फाटते, मूल तासभर नीट खेळतं आणि मग मलूल होत जातं. पण म्हणून दीड वर्षाच्या पोराला टाळ्या वाजवून रात्रभर जागं ठेवलं, तर ते चिडचिडं होणार, खाणार नाही, मान टाकणार. नेमकी हीच लक्षणं आपल्याला शोधायची असतात! मग थकवा कुठला आणि मार कुठला, हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही.

त्यापेक्षा पडल्यावर तासभर बघा. मूल शांत झालं, अंगावर प्यायलं किंवा खाल्लं, माणसं ओळखून खेळायला लागलं, तर नेहमीच्या वेळी झोपू द्या. पहिले 4 ते 6 तास बारीक लक्ष, पुढे 48 तासांपर्यंत नजर. पहिल्या रात्री एकदा स्वतः झोपताना आणि पुन्हा 3-4 तासांनी हलवून बघा. कुरकुरलं, हात झटकला, आईला शोधलं, की पुरे. उठतच नसेल, अंग सैल पडलं असेल, श्वास घोरल्यासारखा किंवा अडखळत येत असेल, तर 108 लावा.

चोळणं आणि नाणं दोन्ही नको. दाबल्यानं फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फुटतात, आणि हाड मोडलं असेल तर भलतंच. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी 10 मिनिटं. पोर एका वेळी दोनच मिनिटं टिकलं तरी चालेल. खोक पडली असेल तर स्वच्छ कापड सलग 10 मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. हाड आत गेल्यासारखं वाटलं तर दाबू नका, नुसतं झाकून न्या. हळद, कॉफी पूड भरू नका. टाके घालण्याआधी ती सगळी धुऊन काढावी लागते आणि पोराचे हाल होतात.

आता उलटी. रडून रडून एक उलटी होणं नेहमीचं आहे. पुन्हा झाली, किंवा काही तासांनी सुरू झाली, तर निघा. पण उलटीची वाट बघत बसू नका. काही सेकंद जरी शुद्ध गेली, झटके आले, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं आलं, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं, एक बाहुली मोठी दिसली, तोल जातोय, एक हात वापरत नाही, काही केल्या रडणं थांबत नाही, यातलं एक पुरे. झटके आले तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणीही घालू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

स्कॅन हवा की नको हे तपासून ठरतं. त्यात किरणं लागतात, लहानग्याला कधी गुंगीही द्यावी लागते. पुष्कळदा काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवणं पुरतं. साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही. मात्र सांगली-मिरज किंवा साताऱ्यात राहणाऱ्याला जी वाट बघता येते, ती जत-आटपाडीच्या वस्तीवर किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर परवडत नाही. तिथे संध्याकाळी शंका आली तर सकाळ उजाडू देऊ नका.

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे 15 मिलिग्रॅम, निदान 6 तासांच्या अंतरानं. बाटली वाचून घ्या: 10 किलोच्या मुलाला 5 मिलीत 120 असलेलं सुमारे 6 मिली, 250 वालं 3 मिली आणि 1 मिलीत 100 असलेले थेंब दीड मिली. थेंबांचं औषध चमच्यानं दिलं की मात्रा कितीतरी पट होते. आयबुप्रोफेन मिसळलेलं औषध आणि ॲस्पिरिन नको. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप तर त्या दोन दिवसांत घरात असलं तरी कपाटातच राहू द्या, नाहीतर पोर औषधानं पेंगतंय की मारानं, हे कुणालाच कळणार नाही.