तिघं एकाच डब्यात

"तुमच्यापेक्षा आमचा बारक्या बरा." परवा सोलापुरात, चादरींच्या एका पेढीवर, हे मला ऐकवण्यात आलं. बारक्या म्हणजे चहा आणणारा पोरगा.

काम क्षुल्लक. लिनक्सच्या (विंडोजसारखी दुसरी एक प्रणाली) एकाच मशीनवर तीन प्रोग्रॅम: बिलाचा, लेबलाचा आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर भाव दाखवणारा. मालकांनी भाव बदलला की तिघांना कळायला हवं. मी घाईत नेम्ड पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमनं लिहायची आणि दुसऱ्यानं वाचायची नळी, टाकला होता. त्यातले बाइट जो आधी वाचेल त्याचे. बाकीचे दोघे कोरडे. बिल नव्या भावाचं, लेबल जुन्या.

मालकांचे मामा गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांना काम नसतं, मत असतं.

"तिघं एकाच डब्यात ऱ्हातेत न्हवं?"

"हो."

"मग एकाला सांगितलेलं दुसऱ्याला ऐकू येईना व्हय?"

"मामा, प्रत्येकाची मेमरी वेगळी. मध्ये भिंत असते."

"भिंत आमच्यात बी हाय की ओ. शेजारनीला समदं ऐकू जातंय."

"पाइप म्हणजे नळ समजा. एका घागरीत गेलेलं पाणी दुसरीत कसं येणार?"

हा दाखला सोलापुरात द्यायचा नसतो. पुढची वीस मिनिटं कोणत्या पेठेत किती दिवसांनी पाणी येतं, यावर गेली. मीही त्यात पडलो, कारण रात्री-अपरात्री उठून मोटर लावण्यात गंमत अशी काही नसते. उशाशी धरण असलेल्या जिल्ह्यात शिकलेसवरलेले लोक पिंपं मोजत जागतात, आणि सकाळी कुणी विचारतं, डोळे का लाल?

तेवढ्यात मामा गरजले, "बारक्या! डबल चादर धा रुपयांनी वाढली!" तिन्ही नोकरांनी ऐकलं. दारातल्या गिऱ्हाइकानंही ऐकलं आणि हातातली चादर खाली ठेवली.

वाईट याचं वाटलं, की उपाय तोच होता. हाक, म्हणजे मल्टिकास्ट: एकदा पाठवायचं, गटातल्या सगळ्यांनी ऐकायचं. त्याआधी मी १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, यूडीपी (सुटे निरोप पाठवायची पद्धत) करून पाहिलं होतं. रीयूज-अ‍ॅड्रेस (एकच पत्ता अनेकांना वापरू देणारा ऑप्शन) लावून तिघे एका पोर्टवर (निरोप घ्यायच्या नंबरी दारावर) बसतात, पण निरोप शेवटी बसलेल्यालाच मिळतो. रीयूज-पोर्ट हा दुसरा ऑप्शन लावला तर कर्नल (लिनक्सचा गाभा) हॅश, म्हणजे पत्त्यांवरून एक आकडा, काढून कुणातरी एकालाच देतं. गटाच्या पत्त्यावर, समजा २३९.१.२.३ वर, पाठवलं की सभासद असलेल्या प्रत्येक सॉकेटला (प्रोग्रॅमच्या कानाला) स्वतंत्र प्रत मिळते. रीयूजचा ऑप्शन बाइंडच्या (पोर्टवर बसण्याच्या) आधी, गटात नाव नोंदवणं बाइंडनंतर. लूप (पाठवलेलं आपल्याच मशीनवर ऐकू येणं) चालू, तो मुळात असतोच. आणि टीटीएल (निरोपानं किती टप्पे जायचं याची मर्यादा) शून्य, म्हणजे निरोप मशीनबाहेर जात नाही. मामांना टीटीएल नाही.

चाललं. मग मामांनी मोबाइल चार्जिंगला लावायला राउटरचा प्लग काढला, आणि मशीन म्हणालं, 'नेटवर्क इज अनरीचेबल'. राउटर गेला, रूट (निरोपाची वाट) गेला. घरातल्या घरातला निरोपही अडला. शेवटी लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या आतल्या वाटेवर) मल्टिकास्ट चालू करून २२४.०.०.०/४ चा, म्हणजे गटांच्या साऱ्या पत्त्यांचा, रूट तिकडे वळवला.

यूडीपी पोच देत नाही, हे वेगळंच दुखणं. लेबलाचा प्रोग्रॅम प्रिंटरपाशी अडकून बसला, तर त्याचा बफर, म्हणजे न वाचलेले निरोप साठायची जागा (साधारणतः २,१२,९९२ बाइट), काहीशे बारक्या निरोपांतच भरतो आणि पुढचे मुकाट गळतात. म्हणून प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक दिला. मधला नंबर दिसला नाही, तर लेबलवाल्यानं अख्खी भावयादी पुन्हा मागायची.

संध्याकाळी पैशांचा विषय काढला. मालक म्हणाले, "आयडिया तर मामांची ना ओ? निम्मं घ्या की."

मामांनी माझ्यासाठी चहा सांगितला. बारक्यानं चार आणले. मला पोचला नाही.