नांदेडचे शीख थोडे आहेत, पण उपरे नाहीत

गटागटांतून सध्या एक मजकूर फिरतोय: ‘नांदेड हा महाराष्ट्रातला शीखबहुल जिल्हा. फाळणीनंतर पंजाबचे निर्वासित इथे वसवले, त्यांनीच गुरुद्वारा बांधला. त्याआधी इथे नुसता ओसाड नदीकाठ होता.’ तीन विधानं, आणि तिन्ही चुकीची.

आधी ‘शीखबहुल’चं बघू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 33,61,292 होती आणि अख्ख्या महाराष्ट्रात शीख होते 2,23,247. म्हणजे मुंबई-पुणे-नागपूर धरून राज्यातला एकूण एक शीख नांदेडात आणून बसवला, तरी शेकडा सात भरत नाहीत. प्रत्यक्षात जिल्ह्यात ते शंभरात एकसुद्धा नाहीत. बहुसंख्य हिंदू, मग मुस्लिम आणि बौद्ध. किनवटकडे गेलात तर आदिवासी पाडे आणि बंजारा तांडे लागतात, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. सचखंड एक्स्प्रेसमधून उतरून थेट गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्याला सगळं शहरच शीख वाटतं, पण त्या गर्दीत मोठा भरणा यात्रेकरूंचा असतो.

फाळणीची गोष्ट मला जास्त लागते, कारण तिच्यामुळे इथली जुनी घरं एका फटक्यात उपरी ठरतात. गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दख्खनेत आले आणि 7 ऑक्टोबर 1708 रोजी त्यांनी नांदेडलाच देह ठेवला. आपल्यामागे ग्रंथसाहिब हाच गुरू, असं त्यांनी सांगितलं तेही इथेच. गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारली, फाळणीच्या 110 वर्षं आधी. साधारण त्याच सुमारास लाहोरहून शीख पलटणी निजामाच्या चाकरीत हैदराबादेत आल्या. या जुन्या वस्तीच्या वंशजांना दखनी शीख म्हणतात. आणि 1947 च्या ऑगस्टात नांदेड भारतात तरी कुठे होतं? सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजामाचा अंमल होता. पंजाबातली काही कुटुंबं पुढे आली असतील, पण ती आली ती आधीपासून नांदत्या वस्तीत.

इथली रीतसुद्धा याच मातीतली आहे. रोज पहाटे अंधारात गागरिया सिंग, म्हणजे पाणी आणणारा सेवेकरी, गोदावरीवरून घागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचा, म्हणजे या गुरुद्वाऱ्याचा, गाभारा धुतला जातो. संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत असे दिवे ओवाळत नाहीत.

राहता राहिला ओसाड नदीकाठ. माहूरची रेणुका, कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला आणि होट्टलची चालुक्यकालीन देवळं याच जिल्ह्यात आहेत. खुद्द गुरू नांदेडला आले तेव्हा गोदाकाठी माधोदास बैराग्याचा मठ होता. गुरू त्या मठात गेले आणि माधोदास त्यांचा शिष्य झाला. तोच बंदासिंग बहादूर. नांदेडहून पंजाबात जाऊन त्याने 1710 मध्ये सरहिंद जिंकलं.