जादूवाला सीक्रेट एजंट लिहायला घेताय? मग काहीही वाचू नका

तर तुमचं ठरलंय. लंडनमध्ये घडणारी विनोदी फँटसी, हिरो सरकारी गुप्तहेर, वर त्याला जादू येते, आणि मराठीत असलं कुणी करत नाही म्हणून आपणच करायचं. छान. पहिलं काम कोट. काळा, लेदरचा, गुडघ्याखाली जाणारा, कारण गुप्तहेर म्हटल्यावर तो गर्दीत सगळ्यात आधी दिसला पाहिजे. मग घटस्फोट, मग मेलेला पार्टनर, मग बोलणारं मांजर, मग पाऊस. लंडनमध्ये ऊन पडतं हे वाचकाला अजिबात कळता कामा नये, मग भले त्याच्या चुलतभावाने तिकडून हाफ पँटमधले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलेले असोत. नाव जॅक ठेवा. मराठी माणूस लंडनमध्ये आयटीत असतो नाहीतर मंडळाच्या गणपतीत, त्याला जादू कोण शिकवणार.

आता मुख्य सल्ला, आणि हा नीट ऐका. काहीही वाचू नका. खरा इतिहास तर नाहीच नाही. तो इतका येडा आहे की तुमच्या कल्पनाशक्तीला जागेवर घाम फुटेल, आणि एकदा वाचल्यावर जॅकचा कोट तुम्हाला स्वतःलाच पटेनासा होईल, मग कादंबरी कोण पूर्ण करणार?

बॉसचंच घ्या. तुमचा बॉस कसा, डोळ्यावर पट्टी, आवाज घोगरा, खोलीत अंधार. ठेवा तसाच. कारण ब्रिटिशांच्या गुप्तहेर खात्याचा 1909 सालचा पहिला बॉस, मॅन्सफिल्ड कमिंग, हा नौदलातला माणूस सही म्हणून नुसतं 'सी' लिहायचा, तेही हिरव्या शाईने, आणि आजही त्या खुर्चीवरच्या माणसाला 'सी' म्हणतात आणि शाईही हिरवीच. 1914 मध्ये फ्रान्समध्ये मोटार आपटून त्याचा पाय गेला, लाकडी आला, आणि नवीन उमेदवाराची हिंमत बघायला हा माणूस बोलता बोलता कागद कापायची सुरी पँटवरून खचकन त्या पायात खुपसायचा असं सांगतात. उमेदवार दचकला की घरी. आता यापुढे तुमची पट्टी काय करणार? म्हणून म्हणतो, वाचू नका.

ऑफिस कुठे? जुन्या पुस्तकांच्या दुकानाखाली, भिंतीतली वीट दाबली की दार उघडतं. यावर ठाम राहा. एमआय सिक्सचं, म्हणजे कमिंगच्याच त्या खात्याचं, खरं ऑफिस लंडनमध्येच व्हॉक्सहॉलला थेम्सच्या काठावर हिरव्या-बदामी रंगाची भलीमोठी पायऱ्यापायऱ्यांची बिल्डिंग आहे, पर्यटकांच्या बोटी समोरून जातात, आख्ख्या जगाला पत्ता माहीत. असलं खातं आहे हे सरकारने कायद्यात लिहून मान्य केलं 1994 साली, म्हणजे पंच्याऐंशी वर्षं ते कागदोपत्री नव्हतंच, अदृश्य होण्याचा इतका लांब प्रयोग कुठल्या मांत्रिकालाही जमलेला नाही. आणि त्याच 1994 मध्ये लंडन ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, ऑल्डविच स्टेशन कायमचं बंद झालं. एक दार बंद, दुसरं उघड, त्याच वर्षी. यात आयता प्लॉट आहे त्यामुळे हात लावू नका, लोकांना वाटेल ओढूनताणून जुळवलंय.

कावळे मात्र टाका, कावळे चालतात. टॉवर ऑफ लंडनमध्ये किमान सहा डोमकावळे नसले तर राज्य कोसळेल अशी तिथली समजूत, आणि त्यांना सांभाळायला पगारी माणूस आहे. 2021 च्या जानेवारीत बातमी आली की त्यांच्यातली राणी गायब झालीय, आणि तिचं नाव काय तर मर्लिना. जादूगार मर्लिनवरून. तुम्ही हे नाव ठेवलं असतंत तर संपादकाने फिल्मी म्हणून कापलं असतं. राज्य काही कोसळलं नाही, कारण सहाच्या वर एखाददुसरा जास्तीचा ठेवलेला असतो. सरकारी खात्याचं शहाणपण ते हेच, भविष्यवाणीवर विश्वास ठेवायचा पण स्टॉक जास्त ठेवायचा.

मग कुणीतरी शहाणा येऊन जॉन डीचं नाव काढेल. त्याला चहा पाजून वाटेला लावा. हा डी म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीचा ज्योतिषी-गणिती, तिच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त यानेच काढून दिलेला, 15 जानेवारी 1559. तो राणीला लिहिलेल्या पत्रांवर 007 अशी सही करायचा म्हणून एक गोष्ट फिरत असते, पुरावा काही नाही, त्यामुळे ती तुम्ही बिनधास्त पहिल्याच पानावर टाका. जे खरं आहे ते सोडा. खरं असंय की त्याला स्वतःला देवदूत दिसत नव्हते, म्हणून त्याने एडवर्ड केली नावाचा माणूस जोडीला घेतलेला, केली स्फटिकात बघायचा, देवदूत काय म्हणाले ते सांगायचा, आणि डी बिचारा सगळं प्रामाणिकपणे वहीत उतरवायचा. वर्षानुवर्षं. 1587 मध्ये बोहेमियात असताना केलीने सांगितलं की देवदूतांची आज्ञा आलीय, आपण दोघांनी बायका सामायिक कराव्यात. आणि डीने रडतकुढत का होईना, चौघांच्या सह्यांचा करार केला! डीचा म्हणतात तो काळा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधी काच नव्हे, ज्वालामुखीतून निघणारा काचेसारखा दगड, 2021 मध्ये तपासणी जाहीर झाली तर तो निघाला मेक्सिकोचा, ॲझ्टेक लोकांचा. म्हणजे इंग्लंडची सगळ्यात नावाजलेली जादूची वस्तू, तीसुद्धा बाहेरून आणलेली. पण हे तुम्ही लिहिणार नाही, कारण तुमच्या जॅककडे चमकणारी तलवार आहे.

कायद्याच्या भानगडीत तर पडूच नका. 1944 चं साल, महायुद्ध ऐन भरात, नॉर्मंडीवर उतरायची तयारी चालू, आणि पोर्ट्समथला पोलिसांनी कुणाला पकडलं तर हेलन डंकन नावाच्या बाईला, जी मेलेल्यांचे आत्मे बोलावते. तिच्या तोंडातून बाहेर पडणारा तो दिव्य पदार्थ तपासणाऱ्यांना आधीच चीजक्लॉथ वाटलेला, म्हणजे आपलं चक्का बांधायचं पातळ फडकं. पण त्याआधी तिने बुडालेल्या एका युद्धनौकेवरच्या खलाशाचा आत्मा आणलेला म्हणे, आणि नौका बुडाल्याची बातमी नौदलाने दाबून ठेवलेली. झालं, लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात खटला, 1735 च्या चेटूक कायद्याखाली नऊ महिने तुरुंग. चर्चिलने चिडून गृहमंत्र्यांना विचारलं की या फालतूपणावर सरकारचा खर्च किती झाला. यातली ग्यानबाची मेख अशी की त्या कायद्यात जादू करणं हा गुन्हाच नव्हता, जादू येते असं भासवणं हा गुन्हा होता, कारण कायद्याच्या मते जादू नसतेच. तेव्हा ज्याला खरोखर येते त्याच्यावर कुठलं कलम लावणार? यावर एक संपूर्ण कोर्टसीन होतो, वकील पुरावा म्हणून आरोपीलाच कोर्टात तरंगायला सांगतात आणि तरंगला की निर्दोष. जाऊ दे. पाठलागाचा सीन घ्या त्यापेक्षा.

विनोदासाठी फार कष्ट नकोत. जॅकला मारामारी चालू असताना टोमणे मारता आले की झाला विनोद. राक्षस समोर आला की "आज सोमवार आहे ना, वाटलंच" असं म्हणायचं, दर राक्षसाला वार बदलायचा. पुस्तक विनोदी आहे हे मागच्या कव्हरवर ठळक छापा म्हणजे वाचकाला शोधत बसायला नको.

आणि काहीही झालं तरी ही गोष्ट इकडे आणू नका. मुंजा, हडळ, चकवा, कोकणातले राखणदार, ही आपली माणसं जरा गावठी दिसतात, त्यापेक्षा आयर्लंडचा लेप्रिकॉन घ्या, तो कुणी पाहिलेला नाही म्हणून भारी वाटतो. शिवाय महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावले तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आत. म्हणजे तुमच्या एजंटने जादू केली आणि एक तारखेला पगार घेतला की तोच आरोपी, आणि पगार देणारं सरकार, त्याला पकडणारंही सरकार.

त्यातून कुणी हळूच कौटिल्याचं अर्थशास्त्र पुढे सरकवेल, म्हैसूरच्या शामशास्त्रींनी हस्तलिखितावरून छापलं तेही 1909 सालीच, लंडनला कमिंगसाहेब खुर्चीत बसले त्याच वर्षी. उघडू नका. त्यात साधूच्या वेशातल्या हेराची ड्युटी लिहिलीय, चारचौघांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मूठभर भाजी नाहीतर गवत खायचं आणि गुपचूप हवं ते चापायचं. शिष्यांनी गुरू सिद्ध आहे म्हणून बोंब मारायची, गुरूने भविष्य सांगायचं, आणि खात्याची बाकी माणसं जाऊन ते खरं करून दाखवणार! आणि शेवटाकडे, चौदाव्या अधिकरणात, अदृश्य व्हायची रेसिपी. तीन रात्री उपास, पुष्य नक्षत्र, शस्त्राने मेलेल्या नाहीतर सुळावर चढवलेल्या माणसाच्या कवटीत माती घालून जव पेरायचे, मेंढीच्या दुधाने शिंपायचे, आणि उगवलेल्या जवाची माळ गळ्यात घातली की रूपही दिसत नाही, सावलीही नाही.

आता विचार करा, हा प्रस्ताव मंत्रालयात कसा फिरेल. कवटीसाठी तीन निविदा. उपासाचे तीन दिवस किरकोळ रजेत धरायचे की ऑन ड्युटी, यावर सामान्य प्रशासनाचं मत मागवलेलं. नक्षत्र उलटून जातं, पुढच्या पुष्यापर्यंत फाइल वित्त विभागात, आणि अखेर ती खाली येते तेव्हा मेंढीच्या दुधासमोर लाल शाईत शेरा: गाईचे चालेल काय, तपासून फेरसादर करावे.