तिसऱ्या दिवशी तो रिपोर्ट वाचा

हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून हे लिहितेय. सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला) पेशंट आयसीयूत आला की लगेच मेरोपेनेमसारखं बहुतेक जंतूंवर चालणारं अँटिबायोटिक सुरू करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंतू कोणता हे तेव्हा माहीत नसतं आणि थांबलं तर जीव जाऊ शकतो. माझं भांडण तिसऱ्या दिवसाशी आहे.

पहिल्या डोसच्या आधी रक्त घेतलेलं असेल, तर जंतू कोणता आणि त्यावर काय चालेल, याचं उत्तर तोवर आमच्याकडे तयार असतं. रक्त बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवतो (हेच कल्चर), मग ते प्लेटवर पसरवून औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसतो, तो मिलिमीटरमध्ये मोजतो. साध्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनभोवती मोठा गोल दिसला, म्हणजे तेच औषध पुरेल असं कळलं, की खरंच आनंद होतो. हल्ली तो कमीच दिसतो. रिपोर्ट वॉर्डात जातो, फाइलला लागतो, आणि मेरोपेनेम चालूच राहतं! पेशंट सुधारतोय ना, मग कशाला हात लावा? त्यात नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हेवी औषध बंद करून हलकं का दिलं?"

हलकं नसतं हो ते. साधी औषधं चालतील असा स्टॅफ (स्टॅफ ऑरियस हा जंतू) निघाला, तर जुनं, स्वस्त सेफाझोलिन 'हेवी' समजल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरतं. उलट मेरोपेनेम विनाकारण लांबवलं की आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणारी क्लेब्सिएला (हाही एक जंतूच) तिथे ठाण मांडते. हातांवरून ती शेजारच्या बेडवर जाते. मग शेवटचं औषध उरतं कोलिस्टिन, आणि ते किडनीवर येतं. 2019 साली जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले.

दिवसांचंही तेच. 2024 मध्ये 'बॅलन्स' ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तात जंतू सापडलेल्या 3608 पेशंटांमध्ये 7 दिवसांचा कोर्स 14 दिवसांच्या तोडीचा ठरला (स्टॅफ ऑरियस आणि काही गुंतागुंतीचे आजार त्यात नव्हते). तरी चौदा दिवस लिहायची सवय सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच: तिसऱ्या दिवशी केस पेपरवर कारण लिहिल्याशिवाय मेरोपेनेमसारखं औषध पुढे चालू ठेवू नये. नातेवाइकांनीही "कल्चर पाठवलं होतं का, काय आलं?" असं बिनधास्त विचारावं. आणि व्यवस्थापनाने लॅबला रविवारी माणूस द्यावा. शनिवारी संध्याकाळी बाटलीत दिसलेली वाढ सोमवारी वॉर्डला कळणार असेल, तर डॉक्टर औषध बदलणार कशाच्या जोरावर?