गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांवर एप्सम मीठ हा इलाज नाही

पाऊस लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: "गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके म्हणजे मॅग्नेशियम कमी. कुंडीत एप्सम मीठ घाला, रोज संध्याकाळी पानांवर खायच्या सोड्याचं पाणी मारा, गळलेली पानं खत म्हणून कुंडीतच राहू द्या. आठ दिवसांत पानं पुन्हा हिरवी." हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते पाळून चांगल्या जोमदार गुलाबाच्या नुसत्या काड्या उरतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. गोल काळे ठिपके येत नाहीत. ठिपक्याची कड झालरीसारखी, भोवती पिवळेपणा आणि सुरुवात खालच्या पानांपासून असेल, तर ती डिप्लोकार्पन रोझी ही बुरशी. तिला एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालून काहीच होत नाही.

सगळ्यात घातक सल्ला संध्याकाळच्या फवारणीचा. या बुरशीच्या बीजाणूंना (ज्यांतून ती पसरते त्या सूक्ष्म कणांना) पानात शिरायला साधारण सात तास सलग ओलावा लागतो. जुलैत घोडबंदरला काय नि नेरूळला काय, संध्याकाळी भिजलेलं पान सकाळपर्यंत वाळत नाही. म्हणजे औषध समजून आपण रोगालाच रात्रभराची सोय करून देतो. पाणी सकाळी आणि थेट मातीत घाला. ग्रिलच्या कडेला वरच्या मजल्याच्या पागोळ्या पडतात तिथून कुंडी आत घ्या, पण ऊन मिळेल अशी. दोन कुंड्यांमधून वारा खेळला पाहिजे. थेंबांच्या शिंतोड्यांनीच ही बुरशी पानोपानी जाते.

सोड्याचा थोडा उपयोग भुरी रोगावर (पानांवर पांढऱ्या पावडरीसारखा थर येतो त्यावर) होतो. काळ्या ठिपक्याची बुरशी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली वाढते, तिथवर तो पोचत नाही. रोज मारलं तर सोडियम कुंडीत साठतं ते वेगळंच.

गळलेली पानं तर कुंडीत ठेवूच नका, बीजाणू त्यांच्यातच टिकून राहतात. रोगट पानं आणि डागाळलेल्या फांद्या कापून कचऱ्यात टाका. घरच्या कंपोस्टमध्येही नकोत. एकदा पडलेला ठिपका कशानेही जात नाही, वाचवायची असतात ती नवी पानं. त्यांच्या दोन्ही बाजूंना, उघडीप असताना सकाळी, कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा. लिटरला साधारण २ ते २.५ ग्रॅम, पण पाकिटावर लिहिलेलं प्रमाण वेगळं असेल तर तेच धरा. हातमोजे-मास्क घाला, पुढची फवारणी १० ते १४ दिवसांनी. शेजारच्या तुळशीवर थेंब जाऊ देऊ नका आणि फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला वापरू नका.