मागची बाजू

आरसा ज्याने कोणी शोधला त्याचं लग्न झालेलं नसणार. झालं असतं, तर त्याने डोक्याची मागची बाजू दाखवणारा आरसा आधी केला असता आणि माझा आषाढातला एक अख्खा शनिवार वाचला असता.

मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा आषाढी एकादशीच्या आत उरकायचा असं ठरलं. बायकोने पार्लरमध्ये फोन लावला. 'नुसतं हेअर' म्हणून तिकडून जो आकडा आला, तो ऐकून बायको "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला. पुण्यात 'बघते' म्हणजे 'नाही', हे पार्लरवालीलाही ठाऊक असावं. तिने परत फोन केला नाही.

"आई, घरच्या घरी होतं सगळं," आमची लेक म्हणाली. ती सतरा वर्षांची आहे आणि तिच्या मते जगातलं सगळंच घरच्या घरी होतं, फक्त घरातलं काम सोडून. तिने आईला व्हिडिओ दाखवले, मीही शेजारी बसून अकरा पाहिले. अकराही बायकांनी कानापुढची एक बट घेतली, केस कुरळे करायच्या गरम रॉडला गुंडाळली, सोडली, कॅमेऱ्याकडे बघून गोड हसल्या आणि पुढच्याच क्षणी त्यांचं सबंध डोकं पाठीसकट लाटालाटांनी भरून गेलं. मागचं कोणी केलं, कसं केलं, काही दाखवलं नाही. मध्ये एक कट होता. आता मला कळलंय, त्या कटात नवरा असतो.

तयारीची सुरुवात डोनटने झाली. गुरुवारी ऑफिसात बायकोचा मेसेज आला : 'येताना एक डोनट आण. मोठा, ब्राउन.' एकच का, असं वाटून मी उदारपणे चार आणले, मोठे आणि ब्राउन, वर चॉकलेटसकट. खोका उघडून मायलेकींनी जे पाहिलं ते डोक्यात घालता येण्यासारखं नव्हतं. डोनट म्हणजे अंबाडा फुगीर दिसावा म्हणून आत घालायची स्पंजची चकती, हे मला तेव्हा समजावून सांगण्यात आलं. चारपैकी तीन मी खाल्ले. चौथा माझ्या आईने खाल्ला आणि "गिळगिळीत आहे" म्हणाली.

शुक्रवारी मला तुळशीबागेत पाठवलं. तुळशीबागेत एकट्या पुरुषाने जाणं म्हणजे नदीपात्रात सायकल चालवण्यासारखं आहे. मनाई नाही, पण प्रवाह तुमच्या बाजूने नसतो. यादीत यू पिना, काळ्या पिना, सेक्शन क्लिपा, वेल्क्रो रोलर आणि तो डोनट. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच विचारलं, "काका, स्वतः करणार की कोणाकडून करून घेणार?" माझ्या टकलाकडे त्याने एकदा जरी पाहिलं असतं तरी हा प्रश्न त्याला पडला नसता. निघताना तो म्हणाला, "क्लिपा दोन डझन न्या, मागे कमी पडतात." या एका माणसाला खरं माहीत होतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता हाक आली, "अरे, जरा ये." लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या माणसाला कळतं, की 'जरा ये'मध्ये जरा काही नसतं.

आधी वेल्क्रो रोलर. डोक्यावरचे केस फुगावेत म्हणून सकाळीच सहा लावले होते, ते काढायचे होते. पाच निघाले. सहावा उलटा गुंडाळला गेला होता आणि त्याने केसांशी कायमचं नातं जोडलं होतं. मी एकेक केस सोडवत होतो आणि बायकोचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून तिला वेल्क्रोचा इतिहास सांगत होतो. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर १९४१ साली रानातून फिरून आला. पाहतो तर त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटलेली. ती भिंगाखाली धरली तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक हूक. त्यावरून ही वस्तू निघाली. म्हणजे केसात अडकणं हा वेल्क्रोचा दोष नाहीच, ती त्याची जन्मकथा आहे.

"कुत्र्याच्या?" बायको म्हणाली.

एवढा तपशील मी गाळायला हवा होता.

मग रॉड. हा लेकीने ऑनलाइन मागवलेला. खरं तर तिला हवं होतं ते हवेने केस गुंडाळणारं, २०१८ साली बाजारात आलेलं डायसनचं यंत्र, ज्याची किंमत माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त आहे. ते कसं चालतं हे मी तिला स्वयंपाकघरात फुकट दाखवलं होतं. नळ सोडायचा आणि चमच्याची फुगीर बाजू धारेला लावायची. धार सरळ खाली न पडता चमच्याला बिलगून वळते. याला कोआंडा परिणाम म्हणतात. हवाही तशीच गोल नळीला बिलगून फिरते आणि केसांना ओढून घेते. लेकीने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग याने कर केस."

तर रॉड. पुढच्या बटा बायकोने स्वतः केल्या, झरझर, आणि गरम असतानाच सोडून दिल्या. मागे माझी पाळी. लेक खुर्चीत मांडी घालून सुपरवायझरसारखी बसली. सूचना अशा : तापमान १६०, बट दोन बोटं रुंद, रॉडवर आठ-दहा सेकंद, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चेहऱ्यापासून लांब गुंडाळायचं.

"मागे चेहरा कुठून आणू?"

"मागे आलटून पालटून, बाबा. एक इकडे, एक तिकडे."

एकशे साठ अंश म्हणजे काय, याची मला अंदाजे कल्पना होती. त्याच्या आसपासच्या तेलात आपल्याकडे चकल्या पडतात. ती चकलीची कढई हातात धरून मला बायकोच्या कानाजवळून न्यायची होती. एकवीस वर्षांत तिने माझ्यावर इतका विश्वास एकदाच टाकला होता, मी गाडी शिकत होतो तेव्हा, आणि त्याचा शेवट कात्रज घाटात झाला होता.

पहिलीच बट गुंडाळली आणि 'चर्रर्र' असा आवाज आला. मानेजवळचे केस आत ओले राहिले होते. ओल्या केसावर असा रॉड लावला की केसातल्या पाण्याची वाफ होते आणि ती केसाला आतून फोडते, केसाच्या काडीत चक्क बुडबुडे होतात. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. आदल्या रात्री वाचलेलं योग्य वेळी आठवत नाही, हा माझा शाळेपासूनचा अनुभव. बाहेरून आईचा आवाज आला, "अरे, काहीतरी करपतंय रे! दूध ठेवलंय का कोणी?" केसाच्या प्रथिनात, म्हणजे केराटिनमध्ये, गंधक असतं. जळक्या केसाचा वास म्हणून विसरता येत नाही.

वातावरण हलकं व्हावं म्हणून मी कार्ल नेस्लरची गोष्ट काढली. हा जर्मन केशकार. लंडनमध्ये १९०५ च्या सुमारास त्याने कायमचे कुरळे केस करायची पद्धत लोकांना दाखवली. छतापासून टांगलेल्या, विजेने तापणाऱ्या पितळी नळ्या, एकेकीचं वजन पाऊण किलोच्या वर, आणि बाई त्याखाली सहा-सहा तास बसलेली. पण त्याआधी त्याने प्रयोग केले होते ते बायकोवर. पहिल्या दोन वेळा तिचे केस जळून गेले आणि टाळूही भाजली.

"आणि मग?" बायकोने विचारलं. तिचा आवाज फार शांत होता.

"मग जमलं."

"तिसऱ्यांदा बसली ती?"

"बसली."

बायको आरशात बराच वेळ कोणाकडे तरी बघत होती. माझ्याकडे असावी.

आता माझ्या एका गोष्टीबद्दल. मी इंजिनिअर आहे आणि प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया. केसात जे हायड्रोजन बंध असतात ते उष्णतेने आणि पाण्याने सुटतात आणि केस ज्या आकारात थंड होतो किंवा वाळतो, त्या आकारात परत जुळतात. म्हणजे आकार गरम करताना मिळत नाही, निवताना मिळतो. म्हणून मी प्रत्येक बट रॉडवरून उतरवून वेटोळं तळहातावर धरलं, वर क्लिप लावली आणि निवेपर्यंत हलवू दिली नाही. अशा तेवीस बटा. दोन डझन क्लिपा. दुकानदाराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. अंगठ्याला दोनदा चटका बसला, तो कोणी पाहिला नाही.

यात पावणेदोन तास गेले. तेवढ्यात आई नेसून, तयार होऊन दारात उभी. तिच्या अंबाड्याला आरसा लागत नाही. आकडे दातांत धरून, दोन्ही हात मागे नेऊन, तोंडाने आमच्याशी अस्पष्ट बोलत ती दीड मिनिटात मोकळी होते. तिने क्लिपांनी भरलेल्या सुनेच्या डोक्याकडे, मग माझ्या हातातल्या रॉडकडे पाहिलं.

"आमच्या वेळी गंगावन होतं," ती म्हणाली. "नवरे लागायचे नाहीत."

लेकीने स्वतःपुरती वेगळी सोय केली होती. बिनतापाचे कर्ल. सॅटिनच्या लांब गुंडाळीला रात्री केस वेढायचे आणि तसंच झोपायचं. पहिल्या प्रयोगाच्या वेळी गुंडाळी नव्हती, तेव्हा तिने मोजे वापरले होते. माझे, ऑफिसचे. बोर्डाच्या मीटिंगच्या दिवशी मी मोजे शोधत होतो आणि ते तिच्या डोक्यात झोपले होते. या वेळी ती गुंडाळी तशीच ठेवून, वर पुणेरी स्कार्फ, त्यावर कसंबसं हेल्मेट आणि रेनकोट चढवून स्कूटरवरून निघून गेली.

आम्ही तिघं रिक्षाने. सहकारनगर ते विद्यापीठ रस्ता. रिक्षा मिळाली, हा या लेखातला एकमेव चमत्कार आहे. शिवाजी रस्त्यावर भुरभुर सुरू झाली. बायकोच्या बाजूला मी रिक्षाचा पडदा हाताने ताणून धरला, आईने पदर आडवा केला, पण भुरभुर हा पावसाचा प्रकार खालून, बाजूने, कुठूनही येतो. आणि तो आला नाही तरी हवा ओलीच असते. सिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा बायकोने पर्समधला छोटा आरसा काढला. उजव्या कानापुढची बट सरळ झाली होती. डावी अर्ध्यावर होती.

मला राहवलं नाही. समोर हवामान खात्याची इमारत उभी. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून चौकाचं नाव सिमला ऑफिस. हवेतली आर्द्रता मोजायचं एक जुनं यंत्र माणसाच्या केसावर चालतं. अठराव्या शतकात सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने ते केलं. कोरडा केस ओल्या हवेत शेकडा दोन-अडीचने लांबतो आणि काटा फिरवतो.

"म्हणजे बघ," मी म्हणालो, "आत्ता या चौकात दोन वेधशाळा आहेत."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कणव होती. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बायको काहीच बोलली नाही. पुढचे तीन सिग्नल मी पडदा धरून गप्प बसलो.

हॉलवर लेक आमच्या आधी पोचली होती. तिने पायरीवरच हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला, गुंडाळी ओढली आणि डोकं एकदा झटकलं. जाहिरातीतल्यासारखे केस खांद्यावर पडले. बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या दोन्ही बटा कानामागे खोचून काळ्या पिना मारल्या. ग्लॅमर संपलं, साखरपुडा सुरू झाला.

तेवढ्यात मागून मेहुणीचा आवाज. "अगं ताई! काय सुरेख दिसतायत केस! कुठे केलेस?"

मी चटकन मागे गेलो. खरंच, पाठीवरच्या तेवीसच्या तेवीस बटा जागेवर होत्या. पुढच्या गरम असतानाच सोडल्या म्हणून सुटल्या, मागच्या निवल्या म्हणून टिकल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझी एखादी थिअरी सासरच्या लोकांसमोर सिद्ध होत होती.

"घरीच केले," बायको म्हणाली. तेवढंच. कर्त्याचा उल्लेख नाही.

आठवड्याने फोटो आले. चारशे बारा. मी सगळे पाहिले. स्टेजवरचे, अंगठीचे, गटाचे. सगळ्यांत माणसं समोर बघतात. बायको चांगली दिसतेय, पण तेवीसपैकी एकही बट कुठे नाही. शेवटी तीनशे अडतिसाव्या फोटोत सापडल्या. तो बुफेच्या रांगेचा आहे. फोटोग्राफरला बहुधा जिलेबीचं ताट टिपायचं होतं. पण पुढे, पाठमोरी, हातात रिकामी प्लेट घेतलेली माझी बायको उभी आहे आणि तिच्या पाठीवर एक इकडे, एक तिकडे, आलटून पालटून, सगळ्या आहेत.

तो मी मोबाईलवर लावलाय. ऑफिसात लोक विचारतात, "वहिनींचा चेहरा कुठाय?" मी अंगठा दाखवतो. चटक्याचा डाग अजून गेलेला नाही.